बिनएसीचे भांडार: वायलेचा प्रयोग आणि मुंबईचा जुलै

संध्याकाळी सहाला संग्रहालय बंद होते. शेवटचा माणूस भांडाराच्या एसीचे बटण बंद करतो आणि दाराला कुलूप लावतो. वीज वाचली, असे सगळ्यांनाच वाटते. पण महिना जुलैचा असेल आणि संग्रहालय मुंबईत, अलिबागला किंवा रत्नागिरीत असेल, तर संग्रहाची खरी हानी याच क्षणापासून सुरू होते.

याचे गणित सोपे आहे. मुंबईत जुलैमध्ये हवा साधारण २८ अंश सेल्सिअसची असते आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास. अशा एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाण्याची वाफ असते. तिचा दवबिंदू २५ अंशांच्या किंचित वर येतो. म्हणजे २५ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागाला ही हवा लागली की त्यावर दव धरणार. दिवसभर एसी चालून कपाटे, तांब्या-पितळेची भांडी, तलवारी, काचचित्रे २४ अंशांवर आलेली असतात. एसी बंद झाला की खिडकीच्या फटींतून, दाराखालून आणि एसीच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकातून बाहेरची हवा आत शिरते. खोलीतली हवा ताशी एकदा बदलत असेल, तर चार तासांत आतली हवा जवळजवळ पूर्णपणे बाहेरची झालेली असते. वस्तू मात्र अजून थंडच असतात. मग धातूवर आणि काचेवर पाणी धरते. कागद, कापड, लाकूड आणि चामडे ते पिऊन घेतात. सकाळी दहाला पुन्हा एसी सुरू होतो आणि वरवरचे सारे सुकते. त्यामुळे पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. दिसते ते ऑगस्टच्या शेवटी. चामड्याच्या म्यानावर पिठी भुरभुरावी तशी पांढरी बुरशी असते आणि पितळी समईच्या बैठकीच्या खाचेत हिरवा ठिपका.

संग्रहालयांनी शाश्वत विकासाची वाट कशी धरावी, हा प्रश्न आता सगळीकडे विचारला जातो. जागतिक संग्रहालय परिषदेने २४ ऑगस्ट २०२२ रोजी प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली, तिच्यात शाश्वतता हा शब्द आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतले ११.४ हे लक्ष्य जगाच्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाच्या रक्षणाविषयीच आहे. प्रत्यक्षात चर्चा सुरू झाली की ती छतावरच्या सौर पट्ट्या, प्लास्टिकच्या बाटल्यांवर बंदी आणि पर्यावरणावरचे प्रदर्शन यांवर येऊन थांबते. या गोष्टी कराव्यातच. पण संग्रहालयाची वीज मुख्यतः हवेवर खर्च होते, आणि संग्रहाचा मोठा भाग दालनांत नव्हे, भांडारात असतो. म्हणून हे प्रकरण भांडाराचे आहे. डेन्मार्कमधल्या वायले या गावी एक भांडार जवळजवळ यंत्राविना चालते. ते कसे, आणि त्यातले कोकण किनाऱ्यावर काय आणता येईल, हा इथला विषय.

५० टक्के आले कुठून

वायलेकडे जाण्याआधी एका आकड्याचा माग काढावा लागतो. २० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता, फार तर ५ टक्के इकडे-तिकडे, हा दंडक अनेक संग्रहालयांत धर्मवचनासारखा पाळला जातो. त्याचे मूळ एका खाणीत आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते, तेव्हा तिथल्या नॅशनल गॅलरीची चित्रे १९४१ मध्ये वेल्समधल्या मॅनॉड इथल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत हलवली. खाणीतली हवा थंड आणि ओलीचिंब होती. आत विटांच्या खोल्या बांधून ती हवा १७ अंशांपर्यंत तापवली, एवढ्यानेच आर्द्रता ५८ टक्क्यांच्या आसपास येऊन स्थिर राहिली. लंडनमध्ये दर हिवाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटत आणि ते बसवण्याचे काम सतत चाले. खाणीत ते जवळपास थांबले. युद्ध संपून चित्रे परत आली, तसा त्रासही परत आला. त्यातून धडा निघाला की चित्रांना स्थिर हवा हवी. धडा बरोबरच होता. पण पुढे स्थिर हवा म्हणजे एसी, असे समीकरण बसले, आणि 'अधिक-उणे ५ टक्के' ही मर्यादा वस्तूंच्या सोसण्यावरून कमी आणि यंत्राला काय जमते यावरून जास्त ठरली.

हे बंधन आता सैल झाले आहे. मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांच्या बिझो गटाने ४० ते ६० टक्के आर्द्रता आणि १६ ते २५ अंश तापमान हा पट्टा बहुतेक वस्तूंसाठी मान्य केला, चोवीस तासांतला चढउतार १० टक्क्यांच्या आत राहावा एवढीच अट ठेवून. २०१४ मध्ये संवर्धनक्षेत्रातल्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी संयुक्त निवेदन काढले. संग्रहाची काळजी घेताना एसी असणारच असे गृहीत धरू नये, आणि त्या-त्या ठिकाणचे हवामान लक्षात घ्यावे, हा त्याचा गाभा. आपल्याकडच्या अनेक निविदांमध्ये मात्र अजूनही '२२ अंश, ५० टक्के, २४ तास' असेच छापलेले असते. तेवढी एक ओळ बदलली तरी पुढची कित्येक वर्षे वाचणारी वीज छतावरच्या पट्ट्यांतून मिळणाऱ्या विजेहून जास्त भरेल.

वायले: जमिनीकडून घेतलेली थंडी

वायले हे जटलंडच्या पूर्व बाजूचे गाव. तिथे डझनाहून अधिक संग्रहालयांचे सामाईक संवर्धन केंद्र आणि भांडार आहे. २०१३ मध्ये बांधलेल्या भागात जो विचार अमलात आणला, त्याची आधीची पायरी त्याच देशात रीबे इथल्या २००५ च्या भांडारात दिसते. भांडार सामाईक असणे हाच मुळात मोठा निर्णय होता. प्रत्येक लहान संग्रहालयाने आपापल्या तळघरात किंवा माळ्यावर वस्तू रचून ठेवण्यापेक्षा एक चांगली इमारत सगळ्यांनी मिळून बांधली. संवर्धकही तिथेच बसतात.

इमारतीला खिडक्या नाहीत. भिंती जड आहेत, आणि भिंतींना व छताला उष्णतारोधक थर भरपूर जाड आहे. जमिनीला मात्र तो मुद्दाम दिलेला नाही. बांधकामाच्या रूढ शहाणपणात ही चूक ठरेल, पण सारी किमया तिथेच आहे. दोन-चार मीटर खोल गेले की मातीचे तापमान वर्षभरात फारसे हलत नाही. ते त्या जागेच्या वार्षिक सरासरीजवळ राहते. डेन्मार्कमध्ये ही सरासरी ८-९ अंशांची. उन्हाळ्यात इमारतीतली उष्णता जमिनीत उतरते, हिवाळ्यात जमीन ती परत देते. आतले तापमान वर्षभर एका संथ लाटेसारखे फिरते. हिवाळ्यात ते दहाच्या खाली जाते, उन्हाळ्याच्या शेवटी पंधरा-सोळापर्यंत चढते. एका दिवसातला फरक मोजायला गेले तर हाती काही लागत नाही.

उरते आर्द्रता. थंड इमारतीत उन्हाळ्याची हवा शिरली की तिची सापेक्ष आर्द्रता चढते, म्हणून पाणी काढणारे यंत्र, डिह्युमिडिफायर, ठेवावेच लागते. पण इमारत इतकी घट्ट बांधली आहे की आतली हवा एकदा बदलायला एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. आत येणारी हवा एवढी थोडी, त्यामुळे काढायचे पाणीही थोडे. या प्रकारच्या भांडारांचा विजेचा खर्च वर्षाला दर घनमीटरमागे १ ते २ युनिट एवढाच येतो. पूर्ण वातानुकूलित भांडारे त्याच देशात याच्या दहापट, काही त्याहूनही जास्त वीज खातात.

वायलेसारख्या इमारतींत दोन अडचणी हमखास येतात आणि दोन्ही समजून घेण्याजोग्या आहेत. पहिली, नव्या काँक्रीटमधले पाणी. ते सुकायला एक-दोन वर्षे लागतात, आणि तोवर यंत्राला हिशोबापेक्षा पुष्कळ जास्त काम पडते. घाईने वस्तू आत आणल्या तर हे पाणी त्याच पितात. दुसरी अडचण घट्टपणातूनच येते. हवा बदलत नाही, म्हणून लाकूड, प्लायवूड, एमडीएफ, रंग यांतून सुटणारी अॅसेटिक आणि फॉर्मिक आम्ले आतच साठतात. शिसे, शंख-शिंपले, काही प्रकारची जुनी काच यांना ही आम्ले खातात. उपाय म्हणजे पावडर कोटिंगचे पोलादी रॅक, आणि गरज पडल्यास आतलीच हवा सक्रिय कोळशाच्या गाळणीतून फिरवणे. ताज्या हवेसाठी खिडकी उघडणे हा इथे उपाय नाही.

तीच युक्ती मुंबईत जशीच्या तशी का चालत नाही

मुंबईची वार्षिक सरासरी २७ अंशांच्या आसपास. म्हणजे उघडी जमीन इथेही तापमान स्थिर ठेवील, पण २७ अंशांवर. डेन्मार्कला थंडी आणि स्थिरता एकाच खर्चात मिळतात. आपल्याला फक्त स्थिरता मिळते. याची किंमत लपवण्यात अर्थ नाही. ढोबळ नियम असा की दर ५ अंशांनी रासायनिक क्षय दुप्पट होतो. १८ अंशांवर ठेवलेला वर्तमानपत्री कागद आणि २८ अंशांवर ठेवलेला तोच कागद यांच्या आयुष्यात चौपट फरक पडतो.

पण मुंबईतल्या संग्रहाला आज मारते ते तापमान नव्हे. बुरशी, गंज आणि रोजचा ओला-सुका फेरा यांनी तो मरतो, आणि या तिन्हींची दोरी आर्द्रतेच्या हाती आहे. ६५ टक्क्यांच्या खाली बुरशी धरत नाही. ७५ च्या वर काही आठवड्यांत धरते, ८५ ला काही दिवसांत. म्हणून कोकण किनाऱ्यासाठी आमचे मत स्पष्ट आहे: तापमानाचा हट्ट सोडावा, आर्द्रतेचा धरावा. बहुसंख्य वस्तूंसाठी पावसाळ्यात २७-२८ अंश आणि ५८ ते ६० टक्के हे लक्ष्य ठेवावे. हे तापमान बिझो पट्ट्याच्या वर जाते हे खरे. पण दिवसा २४ अंश आणि रात्री दव, याहून ते वस्तूंना शतपटीने बरे.

हिशोबासाठी एक खोली धरू. १४ मीटर लांब, १२ मीटर रुंद, ३ मीटर उंच, म्हणजे सुमारे ५०० घनमीटर. जुलैच्या बाहेरच्या हवेत घनमीटरला २३.१ ग्रॅम पाणी. आत २४ अंश आणि ५५ टक्के हवे असतील तर १२ ग्रॅम उरले पाहिजे. म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येक घनमीटरमधून ११ ग्रॅम पाणी काढायचे. हवा ताशी एकदा बदलत असेल तर तासाला साडेपाच लिटर, दिवसाला सुमारे १३० लिटर. हे काम एसी करतो, आणि म्हणून बिल फुगते. दोन टनांचे तीन एसी, प्रत्येकी २ किलोवॉट, कॉम्प्रेसर निम्मा वेळ चालू असे धरले तरी दिवसाला ७२ युनिट होतात.

आता लक्ष्य २८ अंश आणि ६० टक्के ठेवले तर आत १६.३ ग्रॅम चालतात, काढायचे राहतात ६.८. आणि खोली सीलबंद करून हवेचा बदल तासाला विसाव्या भागावर आणला, म्हणजे ०.०५ वर, तर तासाला १७० ग्रॅम पाणी येते. दिवसाला चार लिटरांच्या थोडे वर. साधा डिह्युमिडिफायर एका युनिटमध्ये दीड ते दोन लिटर पाणी काढतो. म्हणजे दोन-तीन युनिट. भारतातल्या विजेमागे युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर रोजचे ५० किलो दोनवर आले.

तापमान सैल केल्याने काम १३० लिटरांवरून ८० च्या आसपास येते. फटी बुजवल्याने ८० वरून चारवर. मोठा वाटा कोणाचा हे यातून दिसते, आणि म्हणून यंत्राची निविदा काढण्याआधी फटी शोधायला लागावे.

फटी मोजणे आणि बुजवणे

खोली किती गळते हे मोजायला महागडे उपकरण लागत नाही. कार्बन डायऑक्साइड नोंदवणारा एक लॉगर पुरतो. ५०० घनमीटरच्या खोलीत दीड किलो ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, पसरट ट्रेमध्ये ठेवून, पंखा लावून दार बंद करावे. ड्राय आइस जाड हातमोजे घालूनच हाताळावा, आणि तो विरेपर्यंत कोणी आत थांबू नये. पातळी दशलक्षात साधारण २००० भागांपर्यंत चढते. बाहेरची पातळी ४२० धरा, म्हणजे जास्तीचे १५८० झाले. आठ तासांनी जास्तीचे १०६० उरले असतील तर हवेचा बदल ताशी ०.०५, काम उत्तम आहे. तासाभरातच जास्तीचे ५८० वर आले असतील तर बदल ताशी १, म्हणजे खोली चाळणी आहे.

फटी कुठे असतात? मोठ्या खिडक्यांपेक्षा लहानसहान भोके जास्त फसवतात. वीजेच्या नळ्या भिंतीतून आरपार जातात आणि त्यांची तोंडे उघडीच असतात. काढून टाकलेल्या खिडकी-एसीच्या जागी नुसता प्लायवूडचा तुकडा ठोकलेला असतो. फॉल्स सीलिंगच्या वर भिंत छतापर्यंत पोचलेलीच नसते, आणि शेजारच्या खोलीची हवा वरून आत-बाहेर फिरते. मोरीची जाळी तर विसरलीच जाते. मोठी भोके विटांनी बंद करावीत, बारीक फटी सीलंटने भराव्यात, दाराला चारही बाजूंनी रबरी पट्टी आणि खाली उतरणारी झडप बसवावी.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बाजारात सहज मिळणारे, शिरक्यासारखा वास येणारे सिलिकॉन सीलंट सुकताना अॅसेटिक आम्ल सोडते. तेच आम्ल, जे वायलेत कोळशाच्या गाळणीने काढावे लागते. 'न्यूट्रल क्युअर' असे लिहिलेलेच घ्यावे आणि काम झाल्यावर एक-दोन आठवडे खोली रिकामी ठेवावी.

खोलीची निवडही आधी व्हावी. वर संडास किंवा पाण्याची टाकी नको. तळमजला सखल असेल तर तोही नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे मुंबईत भांडार मांडणाऱ्याने विसरू नये. म्हणजे वायलेची उघडी जमीन इथे बहुतेकदा सोडूनच द्यावी लागते. तिच्याऐवजी इमारतीच्या पोटातली खोली घ्यावी, जिला बाहेरची भिंत एकही नाही किंवा एकच आहे. आजूबाजूच्या खोल्या तिचे पांघरूण होतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत १९१४ मध्ये बांधून झाली. जॉर्ज विटेटने तिला दिलेल्या जाड दगडी भिंती आणि रुंद सज्जे हे याच जातीचे शहाणपण आहे. उष्णता आत पोचायला दिवस मावळतो, आणि तोवर बाहेर वारा सुटलेला असतो. खोली वरच्या मजल्यावर असेल तर एप्रिल-मेचे स्लॅबचे ऊन तोडावे लागते. ब्रिकबॅट कोब्यावर पांढरी चायना मोझॅक किंवा गच्चीवर उष्णतारोधक थर, दोन्ही चालते. खालून फॉल्स सीलिंग लावल्याने तेवढा फरक पडत नाही.

भिंतींविषयी एक गोष्ट. जुन्या चुन्याच्या भिंतीला ओल येते म्हणून आतून सिमेंटचा गिलावा करण्याची चाल आहे. त्याने ओल थांबत नाही, ती फक्त वर चढते आणि गिलाव्यामागे क्षार साठून तो फुगतो. आधी बाहेरची पागोळी, फुटलेला पर्जन्यनळ आणि भिंतीला टेकलेली माती बघावी. गिलावा करायचाच तर चुन्याचा करावा.

पाणी आतूनही येते

बाहेरची हवा तासाला १७० ग्रॅम पाणी आणते, हा आकडा लक्षात ठेवून आतल्या सवयींकडे पाहिले की बरेच उलगडते. रोज सकाळी फरशी ओल्या पोछ्याने पुसली जाते. त्यात एक लिटर पाणी सहज फरशीवर राहते आणि हवेत जाते. म्हणजे एक पोछा बरोबर सहा तासांची गळती. पावसाळ्यात भांडारात ओले पुसणे बंद. गाळणीचा व्हॅक्यूम क्लीनर किंवा सुके मायक्रोफायबर कापड वापरावे. एक माणूस हलके काम करताना तासाला ५० ते १०० ग्रॅम पाणी सोडतो, म्हणून नोंदणीचे टेबल भांडारात नको. ते शेजारच्या खोलीत असावे, तिथे हवा तर एसी लावावा. माणसाला थंडावा लागतो, शिलालेखाला नाही. ओल्या छत्र्या आणि रेनकोट दाराबाहेर. बाहेरून आलेली, भिजून फुगलेली नवी खोकी आत आणली तर तीही पाणी घेऊनच येतात.

उलट बाजूने, संग्रह स्वतःच पाण्याचा मोठा हौद आहे. ही गोष्ट यंत्रे विकणारे कधी सांगत नाहीत. ५०० घनमीटर हवेची आर्द्रता १० टक्क्यांनी वाढायला जेमतेम दीड लिटर पाणी लागते. पण त्याच खोलीत ५ टन कागद, कापड, लाकूड असेल, तर त्या सगळ्याची आर्द्रता १० टक्क्यांनी वाढवायला ५० ते ६० लिटर लागतील. घट्ट खोलीत वस्तू एकमेकींना सांभाळतात. गळक्या खोलीत हा हौद काही दिवसांत भरतो, आणि एकदा भरला की तो उपसायला आठवडे लागतात.

यंत्र आणि त्याच्या खोड्या

थंड हवेत, पंधरा अंशांच्या खाली, ओलावा शोषणाऱ्या चाकाचा डिह्युमिडिफायर लागतो. वायलेत तसाच वापरतात. आपल्या २८ अंशांना कॉम्प्रेसरचा साधा प्रकार जास्त किफायतशीर. माहितीपत्रकावरचा 'दिवसाला इतके लिटर' हा आकडा ३० अंश आणि ८० टक्क्यांवर मोजलेला असतो. ६० टक्क्यांवर निम्म्याच्या आसपास धरावा. आपल्या चार लिटरांसाठी, माणसे आणि दार यांचे आणखी दोन-तीन लिटर मिळवून, १५-२० लिटर क्षमतेची दोन लहान यंत्रे घ्यावीत. एक मोठे घेऊ नये. एक बिघडले तर दुसरे रेटून नेते.

सर्वात जास्त घोळ बादलीचा होतो. यंत्रातली पाण्याची टाकी भरली की ते आपोआप थांबते. शनिवारी दुपारी भरली, सोमवारी कळले. म्हणून पाण्याची नळी कायमची बाहेर काढून द्यावी, उताराने, आणि भिंतीतून जिथे जाते तिथे सीलंट लावून. नळीच्या बाहेरच्या टोकाला पाण्याचा वळसा ठेवावा, नाहीतर तिच्यातून हवा आत येते.

आर्द्रतामापकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. स्वस्त मापके वर्षभरात पाच-सात टक्क्यांनी सरकतात. तपासणी स्वयंपाकघरातल्या मिठाने होते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात थेंब-थेंब पाणी घालावे, ओल्या वाळूइतके, विरघळेल इतके नाही. ते आणि मापक एका झिपलॉक पिशवीत आठ-दहा तास बंद ठेवले की काटा ७५ टक्क्यांवर आला पाहिजे. ८० दाखवत असेल तर ५ वजा करून वाचायचे, हे त्याच्या पाठीवर चिठ्ठी लावून लिहावे.

खोलीच्या मध्यभागी ६० असताना बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे ७५ असू शकते, कारण तिथे भिंत गार असते आणि हवा हलत नाही. कपाटे भिंतीपासून १० सेंटिमीटर पुढे आणि जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर असावीत, एक लहान पंखा मंद गतीने सतत चालू ठेवावा, आणि एक मापक मुद्दाम सर्वात वाईट कोपऱ्यात ठेवावे. शेजारच्या दालनात कोणी एसी १८ अंशांवर ठेवत असेल, तर त्या सामाईक भिंतीलगत भांडाराच्या बाजूने आर्द्रता चढते. बुरशी एकाच भिंतीला का येते, याचे उत्तर बऱ्याचदा भिंतीपलीकडे सापडते.

वर्षानुवर्षे ७० टक्क्यांत राहिलेला हस्तिदंत, लाखकाम किंवा लाकडी देव्हारा एकदम ५० वर आणला तर तडकतो. महिन्याला चार-पाच टक्क्यांहून जास्त उतरू नये. घट्ट खोलीत डांबरगोळ्यांची वाफ साठते; त्या काढून टाकाव्यात. भुसा भरलेल्या जुन्या प्राण्यांत आर्सेनिक आणि जुन्या कपाटांत डीडीटी असू शकते, तेव्हा हातमोजे आणि मास्क हवेतच.

ज्यांना ६० टक्के चालत नाही

सगळा संग्रह एका हवेत बसवण्याचा हट्ट हेच महागड्या भांडारांचे मूळ. दगड, भाजलेली माती, चिनी माती यांना क्षार नसतील तर ६० टक्के खुशाल चालतात. त्यांना थंडाव्यावर एक युनिटही घालवू नये. समुद्रातून किंवा खाऱ्या जमिनीतून आलेल्या काशाला मात्र ४० च्या वर हळूहळू रोग लागतो, क्षारयुक्त उत्खनित लोखंडाला तर २० च्याही खाली ठेवावे लागते. त्यासाठी अख्खी खोली सुकवायची नाही. घट्ट झाकणाच्या पॉलिप्रोपिलिनच्या डब्यात, वस्तूच्या वजनाएवढे सुके सिलिका जेल आणि आर्द्रतेची रंगपट्टी ठेवायची. निळे जेल कोबाल्टचे असते, ते टाळावे, नारिंगी घ्यावे. रंग बदलला की ११०-१२० अंशांवर काही तास भाजून पुन्हा वापरता येते. डबा चांगला असेल तर ही वेळ वर्षातून एकदा येते.

फिल्म, निगेटिव्ह, रंगीत छायाचित्रे यांना खरोखर थंडी लागते. ती दोन पदरी बंद पिशव्यांत घालून एका साध्या डीप फ्रीझरमध्ये ठेवता येतात. बाहेर काढल्यावर पिशवी उघडण्याआधी चोवीस तास खोलीत राहू द्यायची, नाहीतर पुन्हा तोच दवबिंदू. आम्लयुक्त कागदासाठी एक लहान, सीलबंद, कायम एसीची खोली पुरते. कायम म्हणजे रात्रीही. ती चालवणे परवडत नसेल तर एसी लावूच नये.

विदर्भात चित्र निराळे. नागपूरला एप्रिल-मेमध्ये हवा २० टक्क्यांवर येते, तिथे तीच घट्ट खोली उलट दिशेने उपयोगी पडते: संग्रहाने पावसाळ्यात साठवलेले पाणी उन्हाळ्यात आत टिकून राहते आणि लाकूड तडकत नाही. यंत्र तेच, खर्च त्याहून कमी.

सुरुवात डिसेंबरात करावी. एक वर्षाच्या नोंदी असल्या तर उत्तम. नसल्या तर आत आणि बाहेर एकेक लॉगर आजच लावावा. जानेवारी-फेब्रुवारीत हवा कोरडी असते तेव्हा फटी बुजवण्याचे आणि चुन्याचे काम उरकावे, म्हणजे भिंती मेपर्यंत सुकतात. मार्चमध्ये ड्राय आइसची चाचणी, एप्रिलमध्ये गच्ची, मेच्या तिसऱ्या आठवड्यात यंत्रे सुरू. पहिला पाऊस आल्यावर सुरू केली तर हौद आधीच भरलेला असतो.

आणि गणपतीत वीज गेली तर? पाच दिवस संग्रहालय बंद, यंत्रे बंद, बाहेर झड लागलेली. ०.०५ च्या खोलीत तासाला १७० ग्रॅम, म्हणजे पाच दिवसांत वीस लिटर पाणी आत येते. पाच टनांचा संग्रह ते वाटून घेतो, आणि सहाव्या दिवशी दार उघडले की काटा ५८ वरून ६२ च्या आसपास आलेला दिसतो. ताशी एकदा हवा बदलणाऱ्या खोलीत हेच वीस लिटर पहिल्या सहा तासांत येऊन गेलेले असतात.